ताटावरून उठलेली मंडळी

"उद्या माझ्याबरोबर आत ये," असं मी आत्याला म्हणाले तेव्हा ती आमटीचं पातेलं ढवळत होती, आणि ढवळायची थांबली नाही.

"कुठं आत?"

"चर्चमध्ये. प्रभुभोजनाला."

तिनं डावातली थोडी आमटी माझ्या तळहातावर टाकली. "मीठ बघ जरा."

मीठ बरोबर होतं. तिचं मीठ कधीच चुकायचं नाही. विषय बदलायचा असला की ती मला मीठ बघायला लावायची, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं.

शनिवारची दुपार होती. आत्याची खानावळ एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला, नगर-मनमाड रस्त्याला लागून. ट्रकवाले, कंडक्टर, बदली होऊन एकटे राहणारे मास्तर आणि बँकवाले तिच्याकडं जेवायचे. पाटीवर 'केझिया भोजनालय' असं लिहिलं होतं, पण ते नाव जिभेला वळत नाही म्हणून सगळा स्टँड तिला केशाबाई म्हणायचा. मी याच खानावळीत वाढले. आईवडील अपघातात गेले तेव्हा मी जेमतेम बोलायला लागले होते. वडिलांची ही थोरली बहीण, स्वतः विधवा, मला कडेवर घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढं उभी राहिली.

आता माझं सूक्ष्मजीवशास्त्रातलं एम.एस्सी. झालं होतं आणि पुढच्याच आठवड्यात मी बंगळूरला एका प्रयोगशाळेत रुजू होणार होते. ईस्टरला माझं दृढीकरण झालं होतं, म्हणजे प्रभुभोजनाला बसायचा मला अधिकार मिळाला होता. तो सोहळा आत्यानं खिडकीच्या गजांमधून पाहिला. परत कधी येईन, किती दिवसांसाठी येईन याचा काही भरवसा नव्हता. जायच्या आधी एकदा, एकदाच, त्या भोजनाला तिच्या शेजारी बसायचं एवढीच माझी इच्छा होती.

ती दर रविवारी चर्चला यायची, हे आधी सांगायला हवं. इस्त्रीची साडी, पिशवीत गीतांचं पुस्तक, माझा हात धरून दारापर्यंत. मग मी आत, आणि ती समोरच्या शिरीषाच्या कट्ट्यावर. तिथून तिला सगळं ऐकू यायचं. गाणी ती बाहेरून म्हणायची, आणि आतल्या अर्ध्या लोकांपेक्षा सुरात म्हणायची. शेवटचा आशीर्वाद झाला की उठायची. पायरी मात्र चढायची नाही.

लहानपणी मी कारण विचारलं तर म्हणाली, आत उकडतं. पुढं म्हणाली, गुडघे दुखतात. मग एकदा म्हणाली, कुणीतरी चपला राखायला हव्यात. आमच्याकडं चपला दाराशी काढतात, पण त्या कधी चोरीला गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिन्ही कारणं एकमेकांशी जुळत नव्हती, आणि जुळत नसलेल्या नोंदी मला तेव्हाही झोपू द्यायच्या नाहीत.

"मीठ ठीक आहे," मी म्हणाले. "आता खरं कारण सांग."

तिनं गॅस बारीक केला. हे लक्षण चांगलं होतं.

"प्रभूच्या प्रार्थनेत ती ओळ येते ना," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्यांना सोडलं, तसं तू आम्हांला सोड. येते ना?"

"येते."

"मी सोडलेलं नाही. मग तिथं उभी राहून काय म्हणू?"

कुणाला ते मला विचारावं लागलं नाही. ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, मला सर्वांत शेवटी कळली एवढंच. मी तिच्याकडं आले त्या वर्षी पाटोळेबाई मिशन शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मंडळीच्या पंच कमिटीवर होत्या. त्यांनी उपासनेनंतर, सगळे बसलेले असताना, उभं राहून सांगितलं की आईबाप नसलेली मुलगी ट्रकवाल्यांच्या खानावळीत वाढू नये, तिला नगरच्या वसतिगृहात ठेवावं, खर्च मंडळी करील. त्यावर आत्या मला कडेवर घेऊन पुढं गेली आणि बोलली. काय बोलली ते माझ्यासमोर कधीच कुणी उच्चारलं नाही. आमचे पेटीवाले योनासकाका फौजेत बरीच वर्षं काढून आलेले. ते म्हणायचे, त्यातले काही शब्द त्यांनी सुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

ठराव तिथंच बारगळला. मी खानावळीत राहिले. आणि असलं बोललेलं तोंड घेऊन पुन्हा त्या दारातून आत जायचं नाही, असं आत्यानं ठरवून टाकलं.

"पण पाटोळेबाईंनी मला शिकवलं," मी म्हणाले. खरंच शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बोलावून, फुकट. साचलेल्या पाण्याचा थेंब भिंगाखाली कसा बघायचा ते मी त्यांच्या ओसरीवर शिकले. तिथं जायला आत्यानं मला कधी अडवलं नाही. दारात सोडून जायची, आत बघायची नाही.

"शिकवलं. मी नाही म्हणते का? चांगलं शिकवलं. पण माझ्या कडेवरून पोर उतरवायला निघाली होती ती पाटोळीण. ते सुटत नाही. दर नाताळाला सोडून बघते. नाही सुटत. आणि देवापुढं उभी राहून सोडलं म्हणू? कालचं उरलेलं आज ताजं म्हणून वाढू त्याला?"

"सगळेच म्हणतात, आत्या. सगळ्यांचं सुटलेलं असतं असं थोडंच आहे?"

"ते त्यांचं ते बघतील. आत चांगली माणसं बसतात. तोंडात शिवी न येणारी. मी बाहेर बरी आहे." तिनं गॅस पुन्हा मोठा केला. "बंगळूरला सारखी इडलीच खातात का गं?"

विषय संपला.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या निघालो. शिरीषापाशी तिनं माझा हात सोडला, पदरानं कट्टा झटकला आणि बसली. मी एकदा वळून पाहिलं. तिनं हातानंच, जा, जा, असं केलं.

आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड आशिष वाघमारे, त्या वर्षी नवे आले होते. वय तिशीच्या आत, दाढी कोवळी, आवाज मोठा. लग्न होऊन पाळकीणबाई येईपर्यंत ते आत्याकडंच जेवायचे. त्यामुळं आत्या त्यांना रस्त्यात भेटले तर तुम्ही म्हणायची आणि पानावर बसले की तू. त्यांना दोन्ही चालायचं. त्यांची एकच अडचण होती: ते फार मन लावून तयारी करायचे.

त्या रविवारी प्रवचन आत्मपरीक्षणावर होतं. प्रभुभोजनाच्या दिवशी ते तसं असतंच. आपलं मन तपासून या, अयोग्य रीतीनं घेऊ नका, एवढं प्रत्येक पाळक सांगतो आणि मंडळी डोळे मिटून ऐकते. पण पाळकसाहेबांनी ते फार बारकाईनं सांगितलं. भांडण करून आला आहात का? खोटं बोलला आहात का, अगदी दूधवाल्याशी सुद्धा? शेजाऱ्याच्या नव्या फ्रिजकडं पाहून पोटात काही झालं का? प्रार्थना चालू असताना घरच्या रश्श्याचा विचार आला का? हे शेवटचं ऐकून माझ्या पुढच्या बाकावरची एक मान खाली गेली. तो विचार माझ्याही डोक्यात नुकताच येऊन गेला होता. मग ते थांबले, आणि खालच्या आवाजात म्हणाले की एकही अपात्र हात या ताटाला लागू नये, त्यापेक्षा तो मागं घेतलेला बरा.

बोलले सुरेख.

आता आमच्या मंडळीची एक रीत आहे. प्रवचन झालं की एक गीत म्हणतात, आणि ते चालू असताना, ज्यांना भोजनाला बसायचं नाही ते गुपचूप बाहेर जातात. एरवी लहान मुलं जातात, दृढीकरण न झालेले जातात, एखादा कालच भावाशी मारामारी केलेला जातो. त्यांच्याकडं कुणी बघत नाही. गीत संपलं की दार ओढून घेतात आणि भाकर नि द्राक्षरस फिरतो.

त्या दिवशी मुलं गेली. दुसरं कडवं सुरू झालं. आणि पहिल्या बाकावरून पाटोळेबाई उठल्या.

पाटोळेबाई त्या बाकावर माझ्या जन्माआधीपासून बसत होत्या. ताप असला तरी बसत. पांढरी साडी, ताठ पाठ, हातात घडी घातलेला रुमाल. त्या उठल्या, मधल्या वाटेनं चालत आल्या, कुणाकडं पाहिलं नाही, दाराशी चपला घातल्या आणि उन्हात गेल्या.

गीत चालू होतं पण त्यात जीव राहिला नव्हता. मला आजूबाजूच्या डोक्यांत चाललेला हिशेब जवळजवळ ऐकू येत होता. पाटोळेबाईच जर पात्र नाहीत, तर मी कोण? बसून राहणं म्हणजे भरसभेत, मी पाटोळेबाईंपेक्षा बरा, असं जाहीर करण्यासारखं होतं. तेवढा निर्लज्ज आमच्यात कुणी नव्हता. आधी दुसऱ्या बाकावरचे पोस्टमास्तर उठले. मग त्यांची बायको उठली, कारण नवरा कशासाठी उठला ते तिला ठाऊक होतं. मग एकेक बाक नाही, चार-चार बाक एकदम. द्रावणात एक स्फटिक टाकला की सगळंच गोठत जातं, तसं काहीसं. प्रयोगशाळेत मी ते कितीदा पाहिलं होतं. माणसांत पहिल्यांदाच पाहत होते.

मी पण उठले. माझ्यापाशी कारणं होतीच, पण खरं सांगायचं तर ती मी चालता चालता शोधली.

योनासकाका पेटीवर एकटेच वाजवत राहिले. शेवटचं कडवं त्यांनी संपवलं, भाता बंद केला, पाळकसाहेबांकडं पाहून मान तुकवली आणि बाजूच्या दारानं बाहेर आले.

*

शिरीषाखाली सगळी मंडळी उभी होती. एरवी उपासना सुटली की तिथं केवढा कलकलाट असतो. आज सगळे जण अंत्यविधीला आल्यासारखे हात पुढं बांधून उभे. पोस्टमास्तर स्वतःच्या चपलांकडं निरखून बघत होते. पाळकीणबाई, प्रिस्कावहिनी, भिंतीला टेकून पदराचं टोक पिळत होत्या. त्याही बाहेर आल्या होत्या, याचं सगळ्यांना जरा नवल वाटत होतं.

आत्या कट्ट्यावर बसली होती आणि चकित झाली होती.

"आज लवकर सुटलं?" तिनं योनासकाकांना विचारलं.

"सुटलं नाही, केशाबाई. आम्हीच उठलो."

"म्हणजे?"

काकांनी घसा खाकरून सांगितलं. प्रवचन तिनं बाहेरून ऐकलंच होतं; त्यानंतर आत काय झालं, कोण आधी उठलं, मग कोण. पाटोळेबाईंचं नाव आलं तशी आत्याची नजर कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडं गेली. पाटोळेबाई तिथं बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत तो कट्टा आत्याचाच होता, त्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि बसली तर ही. दोघींमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मी मुद्दाम तिथं जाऊन उभी राहिले, कारण आत्याचं तोंड उघडायच्या बेतात होतं.

पण आधी पाटोळेबाईच बोलल्या, समोर बघत. "मला आज उठावं लागलं, केझिया. तुझ्यामुळं."

"मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. तू बाहेर बसलीस, आणि मी आत जेवत राहिले. दर महिन्याला." त्यांनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मुलगी काय झाली ते दिसतंच आहे सगळ्यांना. मी चूक होते हे मला ती सातवीत असतानाच कळलं होतं. सांगायला पायरी उतरून यावं लागलं असतं."

मी वळून आत्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. मला वाटलं, आता येतात ते शब्द. पण ती म्हणाली, "बसायचं तर बस. बोलू नको." आणि मग काकांकडं वळून, जणू मधे काही झालंच नाही अशी, तिनं विचारलं, "मग आत कोण आहे आता?"

"साहेब आहेत."

"अजून?"

"अजून कोण असणार? एकटेच आहेत."

"आणि वाढलेलं?"

काकांना कळेना. "काय वाढलेलं?"

"अहो, भाकर. ती तोडून ठेवलीय ना? रस ओतलाय ना?"

"ते सगळं आहे की मांडलेलं."

आत्या उभी राहिली. दार सताड उघडं होतं आणि कट्ट्यावरून थेट वेदीपर्यंत दिसत होतं. टेबलावरचं पांढरं फडकं काढून बाजूला ठेवलेलं. ताटात भाकरीचे तुकडे, शेजारी तबकात रसाचे छोटे पेले, सगळ्या मंडळीला पुरतील इतके. त्यामागं पाळकसाहेब पांढरा झगा घालून उभे. फडकं पुन्हा झाकावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. एकदा उचलत, एकदा ठेवत. दाराकडं बघायचं मात्र टाळत होते.

मी आत्याचा चेहरा पाहिला आणि समजले. तिच्या खानावळीत ती सगळं सहन करायची. उधारी, दारू पिऊन आलेला ट्रकवाला, ताटात हात धुणारा. पण वाढलेल्या पानावरून कुणी उठून गेलं, तर दिवसभर तिला गोड लागायचं नाही.

"अख्खी पंगत उठली?" ती हळू म्हणाली. "एकजण पण थांबला नाही?"

आणि ती निघाली. मी मागून हाक मारली, ती तिला ऐकू गेली नसावी. मधली माणसं बाजूला झाली. ती पायऱ्या चढली, दार ओलांडून चपलांसकट फटाफटा चालत थेट वेदीपुढं जाऊन उभी राहिली. मी मागं धावले. माझ्या मागं सगळी मंडळी दारापर्यंत आली आणि दारात दाटीवाटीनं उभी राहिली.

"हे काय करून ठेवलंत, साहेब?" आत्यानं विचारलं.

पाळकसाहेबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आत्या, मी शास्त्रात आहे तेच सांगितलं."

"शास्त्रात असेल. मी कुठं नाही म्हणते? पण पान वाढून झाल्यावर सांगायचं असतं ते?" तुम्ही गेलं आणि तू आलं, कारण आता पान समोर होतं. "माझ्याकडं माणूस पाटावर बसला, आणि मी म्हणाले, दाखव हात, दाखव नखं, सकाळी बायकोला काय बोललास ते सांग, मग घालते भाकरी, तर जेवेल का रे कोणी? भुकेलं माणूस आहे म्हणून तर आलंय दारात! वाढायला उभं राहिलं की फक्त वाढायचं, एवढं साधं कळत नाही तुला, —"

आणि इथं तिनं एक शब्द वापरला. तो खानावळीत दिवसातून दहादा कानावर येतो आणि तिथं त्याचं कुणाला काही वाटत नाही. दगडी भिंतींच्या त्या उंच जागेत तो वर गेला, छताला लागला आणि सावकाश खाली आला.

आत्याचा हात तोंडावर गेला.

तिनं आधी पायांतल्या चपलांकडं पाहिलं. मग वर, खिडक्यांकडं, ज्यांच्या गजांमधून ती बाहेरून बघायची. मग माझ्याकडं. तिचा चेहरा असा झाला होता की मला रडावं की हसावं कळेना. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला त्या क्षणी कळलं. चिडून निघाली, ती सरळ आत येऊन पोचली होती.

"जाते," ती पुटपुटली. "चुकलं. चुकलंच." आणि चपला हातात घ्यायला वाकली.

"आत्या," पाळकसाहेब म्हणाले, "आलाच आहात तर बसा."

"कशी बसू? ऐकलंत ना आत्ता काय निघालं तोंडातून?"

"ऐकलं."

"आणि ते जाऊ दे. ती बाहेर आहे ना," तिनं दाराकडं बोट केलं, जिथं पाटोळेबाई गर्दीत उभ्या होत्या, "तिला मी माफ केलेलं नाही. आत्ता पण नाही. खोटं नाही बोलणार."

पाळकसाहेबांनी फडकं खाली ठेवलं. मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मी काल दिवसभर हे प्रवचन लिहीत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं फार चांगलं झालंय. आज सकाळी निघताना प्रिस्काशी भांडून आलो. अजून ती माझ्याशी बोलत नाही. तरी मी इथं उभाच आहे. साध्या चहावरून भांडण झालं, आत्या."

"आईवरून," दारातून प्रिस्कावहिनी म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी तिकडं पाहिलं. "आईवरून," त्यांनी दुरुस्ती केली.

मागं कुणीतरी हसलं. बहुतेक योनासकाका. मग पोस्टमास्तर हसले, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना चिमटा काढला, तो पण ऐकू आला. गर्दी सैल झाली. प्रिस्कावहिनी पदर सोडून आत आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या, नवऱ्याकडं न बघता, पण बसल्या.

"माझे पाय दुखायला लागलेत, आत्या," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही बसलात तर बाकीचे येतील."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी मी सगळे युक्तिवाद करून चुकले होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. मी नुसती सरकले आणि सर्वांत जवळचा बाक होता त्यावर बसले. तो पहिलाच होता. तिनं चपला बाकाखाली ढकलल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या शेजारी बसली. बाकाच्या अगदी कडेला, उठून जाता येईल अशी.

माणसं एकेक करून आत आली. मुलं सुद्धा आली, त्यांना कुणी अडवलं नाही. योनासकाका पेटीवर बसले आणि मघाचंच गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पाटोळेबाई शेवटी आल्या. त्यांच्या जागेपाशी येऊन थांबल्या. ती जागा बाकाच्या कडेचीच होती, आणि तिथं आता आत्या बसली होती. मागं बाक रिकामे होते. सगळे बघत होते आणि गात होते. पाटोळेबाई मागं गेल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, रुमाल घट्ट धरून. मी मनात म्हणाले, आता ही उठणार आणि सरळ बाहेर जाणार.

आत्यानं वर पाहिलं नाही. पण माझ्याकडं सरकली, एका माणसापुरती.

आमच्याकडं भाकर पाळक हातात देत नाही. ताट बाकावरून फिरतं. आपल्या शेजाऱ्यानं ते आपल्यापुढं धरायचं, आपण तुकडा घ्यायचा, मग ताट आपल्या हाती घेऊन पुढच्या माणसापुढं धरायचं. पाळकसाहेबांनी ते माझ्या हातात दिलं. मी तुकडा घेतला आणि ताट आत्यापुढं धरलं.

मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या चर्चांमध्ये ते ताट धरत आले आहे. तिच्यापुढं मात्र ते तेव्हा पहिल्यांदाच धरत होते.

आत्यानं तुकडा घेतला नाही. तिनं ताटच माझ्याकडून काढून घेतलं. घरची सवय, वाढणारी बाई आधी जेवत नाही. ताट दोन्ही हातांत धरून ती क्षणभर बसून राहिली. मग वळली आणि ते पाटोळेबाईंपुढं धरलं.

"घे," ती म्हणाली.

पाटोळेबाईंना पटकन घेता येईना. त्यांची बोटं ताटाच्या कडेला लागली, तुकड्यांपाशी गेली. उचलला तो एक नव्हता, एकमेकांना चिकटलेले दोन होते. त्यांनी ते ओशाळून पाहिलं आणि एक सोडवून परत ठेवायला लागल्या.

"असू दे," आत्या म्हणाली. "दोन्ही घे."

मग तिनं स्वतःसाठी एक उचलला.